शीळचा चढ

महापे सोडलं की आमची जुनी पिकअप
दुसऱ्यावर यायची, मग पहिल्यावर,
आणि मागचे कंटेनरवाले हॉर्न देऊन देऊन
आमच्या कुळाचा उद्धार करायचे.
हौद्यात बर्फाच्या अठरा लाद्या, वर भुसा, भुशावर गोणपाट.
डोंबिवलीचा बाजार पहाटे चारला उघडतो
आणि बर्फ कुणासाठी थांबत नाही.
आप्पा आरशात बघायचे, रस्त्यावर मागे उमटलेली ओली रेघ,
म्हणायचे, "गेली गो, अर्धी लादी गेली."
आमच्या घरात चढ लाद्यांत मोजला जातो.

टर्बो मिळाला दायघरच्या भंगारात,
आपटलेल्या कुठल्याशा टेम्पोचा,
गोगलगायीच्या आकाराचा, नारळाएवढा.
बोट घालून चाक फिरवलं. फिरलं.
दांडा हलवून पाहिला: आडवा नखभर, आत-बाहेर अजिबात नाही.
मुश्ताकने तीन हजार सांगितले होते,
मी दांडा तपासतेय हे बघून चार केले.

घणसोलीत, बुजवलेल्या विहिरीवरच्या ओट्याशी
आई सुकट वाळत घालते,
तिथेच मी मॅनिफोल्ड उतरवून ठेवला.
तिने काही न बोलता सुकट उचलली.
मग बोलली. पुष्कळ.

"म्हातारीला आता कनाला पळवतंस?" आप्पा.
साडेबारा टक्क्यांचा भूखंड विकला, वाटण्या झाल्या,
आप्पांच्या वाट्यातून उरली ती ही गाडी.
तिच्या चेंबरला भोक पाडायचं म्हटल्यावर
ते उठून आत गेले
आणि पंखा फुल करून झोपल्याचं सोंग घेतलं.

भोक पाडावंच लागतं.
टर्बोकडे जाणाऱ्या तेलाला पंप ढकलतो,
परतीला कुणी ढकलत नाही,
आपल्याच वजनाने उतरत त्याला चेंबर गाठावं लागतं.
ड्रिलला ग्रीस फासलं, कीस आत पडू नये म्हणून.
रबाळ्याचा रामसकल वेल्डिंग मारून गेला,
हिशेबातले शंभर सोडले
आणि बोंबलाच्या चटणीची बरणी मागून घेतली.

मला या यंत्राचं काय आवडतं सांगू?
जो धूर आपण शेपटीतून फुकट सोडतो
त्याच्याच धक्क्याने एक चाक फिरतं,
आणि त्याच दांड्यावरचं दुसरं
इंजिनाच्या तोंडात हवा कोंबतं.
आप्पांना हे दोनदा समजावलं.
ते म्हणाले, "मंग? भाताची पेज कोन टाकतंय?"

पहिल्या खेपेला, रात्री अडीचला,
न बोलावता शेजारी येऊन बसले.
महापे मागे पडलं. तिसरा गिअर, तिसराच,
आणि बोनेटखालून एक बारीक शीळ.
शीळच्या चढाला शीळ, मी म्हणाले.
आप्पा हसले नाहीत.

मग फाटकन पाईप सुटला.
काळा धूर. पुन्हा तेच, पहिल्यावर.
कडेला घेतली. मागे ठिबक सुरू.
मी मोबाईलच्या उजेडात क्लॅम्प शोधतेय
तोवर आप्पांनी सीटखालून
सायकलच्या ट्यूबची पट्टी काढली,
जाळ्याची दोरी आवळावी तशी
पाईपाभोवती गुंडाळून ओढली, शेवटची गाठ दातांनी.
पाईप तापलेला होता.
त्यांनी हात झटकले, इतकंच.
"जाव दे."

फाट्यापर्यंत तिसरा सुटला नाही.
त्यांनी आरशात पाहिलं.
रेघ होती.
रेघ तर असणारच, बर्फ आहे तो.

डोंबिवलीत पोचलो तेव्हा साडेतीन.
शटर खाली, एक कुत्रं, एक चहावाला स्टो पेटवतोय.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
आम्ही बाजाराची वाट पाहणार होतो.
आप्पांचा हात चावीकडे गेला. मी धरला.
"मिनिटभर चालू राहू दे.
आत चाक अजून फिरतंय,
तेल तोडलं तर जळेल."

हौदा ठिबकत होता, इंजिन गुरगुरत होतं.
आप्पा बोटांवर मोजायला लागले,
मनात नाही, मोठ्याने,
चाळीसच्या पुढे कुठेतरी चुकले,
आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.